गृहस्वच्छता : घरगुती द्रव्ये आणि वैद्याचा द्रव्यविवेक

नवरात्र संपून दिवाळीची चाहूल लागली की घरोघरी झाडलोट सुरू होते, आणि त्याच पंधरवड्यात आपल्या चिकित्सालयांत तमक श्वास, प्रतिश्याय, शीतपित्त व हातांची विचर्चिका यांचे रुग्ण वाढू लागतात, हा आपल्यापैकी बहुतेकांचा अनुभव असेल. आपण त्यांना औषधी कल्प देतो, पथ्यापथ्य सांगतो, ऋतुसंधीचा विचार करतो. परंतु घर कशाने झाडले, कशाने पुसले, भांडी कशाने घासली, हा प्रश्न आपण रुग्णास सहसा विचारत नाही. निदानपरिवर्जन हे चिकित्सेचे पहिले सूत्र मानणाऱ्या शास्त्राच्या उपासकांकडून ही उपेक्षा होणे उचित नव्हे.

दुसऱ्या बाजूने रुग्णच आता आपणास विचारू लागले आहेत. बाजारातील उग्र वासाची द्रावणे सोसत नाहीत; मग लिंबू, सोडा, रिठा, कडुनिंब यांनी काम भागेल काय? वैद्याने त्यास होकार द्यावा, अशी त्यांची अपेक्षा असते, आणि "नैसर्गिक ते सर्व निर्दोष" या भावनेने आपणही तो होकार लगेच देऊन टाकतो. प्रस्तुत लेखकाचे मत असे की, हा होकार द्यावा, परंतु विवेकपूर्वक द्यावा. घरातील दैनंदिन स्वच्छतेचे बहुतांश काम साध्या घरगुती द्रव्यांनी उत्तम होते, हे निश्चित. तथापि मळ काढणे आणि जंतूंचा नाश करणे ही दोन भिन्न कर्मे आहेत. पहिल्या कर्माच्या द्रव्यास दुसऱ्या कर्माचे श्रेय देणे हे शास्त्राच्याही विरुद्ध आहे आणि रुग्णाच्या हिताच्याही.

शास्त्रातील क्रम

सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या एकोणिसाव्या अध्यायात व्रणिताच्या निवासाचा विचार करताना मोहरी, निंबपत्र, तूप व लवण यांचे धूपन दिवसातून दोन वेळा, दहा दिवस करण्यास सांगितले आहे. हा संदर्भ आपल्या व्याख्यानांतून वारंवार येतो. त्यामानाने चरकसंहितेतील शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायातील एक सूचना दुर्लक्षित राहते. बालकाची शय्या, आस्तरण व वस्त्रे घाम, मल, मूत्र यांनी दूषित झाली असता ती टाकून द्यावीत. दुसरी उपलब्ध नसतील तर तीच उत्तम प्रकारे धुऊन, धूपित करून, स्वच्छ व कोरडी झाल्यावर वापरावीत, असा तेथील आशय आहे.

येथील क्रम मननीय आहे. आधी त्याग, ते शक्य नसल्यास प्रक्षालन, मग धूपन, आणि शेवटी पूर्ण शुष्कता. धूपन हे प्रक्षालनानंतरचे कर्म आहे, प्रक्षालनाचा पर्याय नव्हे. मळलेल्या खोलीत धूप जाळून ती शुद्ध झाली असे मानण्यास आचार्यांचा आधार नाही. आधुनिक निर्जंतुकीकरणाचा नियमही हाच आहे. पृष्ठभागावर रक्त, पू वा मेद शिल्लक असेल तर कोणतेही जंतुघ्न द्रावण आपले कार्य पूर्णपणे करू शकत नाही. म्हणून प्रक्षालनाचे महत्त्व प्रथम.

कोणते द्रव्य कोणत्या मळास

सुदैवाने हा विषय आपल्या द्रव्यगुणाच्या चौकटीत सहज बसतो. घरातील मळ स्थूलमानाने तीन प्रकारचा असतो : स्निग्ध मळ, क्षारमय थर आणि सुटी धूळ. स्निग्धास क्षार व फेनिल द्रव्य, क्षारमय थरास अम्ल, आणि धुळीस ओले फडके, इतके सूत्र गृहिणीच्या ध्यानी आणून दिले की अर्धे काम झाले.

फेनिल द्रव्यांत रिठा अग्रगण्य होय. आठ-दहा रिठ्यांच्या बिया काढून टरफले रात्रभर एक लिटर पाण्यात भिजवावीत, सकाळी दहा-पंधरा मिनिटे उकळून, कुस्करून, गाळून घ्यावे. या पाण्याने रेशमी व लोकरी वस्त्रे, चांदीचे अलंकार, काचेची तावदाने, फरशी उत्तम निघते. यातील सॅपोनिन हे द्रव्य पाणी व तेल यांना एकत्र आणते, त्यामुळे चिकट मळ सुटतो. मात्र हे पाणी दोन-तीन दिवसांत आंबते. ते लागेल तेवढेच करावे, अथवा शीतकपाटात ठेवावे. डोळ्यांत गेल्यास तीव्र दाह होतो, हे आवर्जून सांगावे. माशांना ते घातक असल्याने उरलेले पाणी विहिरीत, हौदात वा तळ्यात ओतू नये.

क्षार द्रव्यांत लाकडाची राख, खाण्याचा सोडा व धुण्याचा सोडा ही तीन प्रमुख. खाण्याचा सोडा अतिसौम्य असल्याने शीतकपाट, चहाचे कप, थर्मास यांचे डाग व वास घालविण्यास योग्य. ओल्या फडक्यावर चिमूटभर घेऊन घासल्यास चरे पडत नाहीत. धुण्याचा सोडा त्याहून पुष्कळ तीक्ष्ण. एक लिटर गरम पाण्यात दोन मोठे चमचे या प्रमाणात तो तेलकट तवे, स्वयंपाकघरातील पंख्याची पाती, मोरीचा नळ यांवरील मेद सोडवितो. हातमोजे मात्र अत्यावश्यक. ॲल्युमिनियमच्या भांड्यास धुण्याचा सोडा वा राख लावू नये. क्षाराने तो धातू काळवंडतो व झिजतो.

अम्ल द्रव्यांत चिंच, आमसूल, लिंबू, आंबट ताक आणि व्हिनेगर. तांब्या-पितळेवरचा काळपट वा हिरवट थर चिंचेने निघतो, हे आपल्या आजीलाही ठाऊक होते. कूपनलिकेच्या जड पाण्यामुळे नळाच्या तोट्या, बादल्या व पाणी तापविण्याच्या भांड्यांत बसणारा पांढरा थर हा मुख्यतः चुन्याचाच असतो. त्यावर व्हिनेगर वा लिंबाच्या रसात भिजविलेले फडके अर्धा तास गुंडाळून ठेवले की तो विरघळतो. अम्ल लावल्यावर भांडे स्वच्छ पाण्याने धुऊन लगेच कोरडे करावे, अन्यथा तांबे पूर्वीपेक्षाही लवकर काळे पडते.

येथे एक सावधगिरी महाराष्ट्रातील घरांसाठी विशेष महत्त्वाची आहे. आपल्याकडील शहाबादी फरशी, ओट्याचा कडप्पा, संगमरवर आणि मोझॅक फरशीतील खडे हे सर्व चुनखडीच्याच जातीचे. अम्लाने ते विरघळतात. लिंबू, व्हिनेगर वा बाजारातील ॲसिड यांनी अशी फरशी घासल्यास ती त्या दिवशी उजळ दिसते खरी, पण खरबरीत होऊन पुढे अधिक मळ धरते. तेथे रिठ्याचे वा साध्या साबणाचे कोमट पाणीच योग्य.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र करण्याचा प्रघात अलीकडे फार बोकाळला आहे. फेस येतो म्हणून स्वच्छता होते, ही समजूत. वस्तुतः क्षार व अम्ल परस्परांचे गुण नष्ट करतात, आणि कर्बवायू उडून गेल्यावर मागे खारट पाणी तेवढे उरते. दोन्ही द्रव्ये पृथक् वापरावीत. एकाने काम झाल्यावर पाण्याने धुऊन मग दुसरे. विरुद्ध वीर्याची द्रव्ये एकत्र करू नयेत, हे वैद्यास निराळे सांगावयास नको.

पद्धतीही द्रव्याइतकीच महत्त्वाची

सफाई वरून खाली करावी : प्रथम जळमटे, मग फळ्या व कपाटे, शेवटी जमीन. कोरड्या केरसुणीने धूळ उडवून ती पुन्हा फडताळावर बसू देण्यापेक्षा ओल्या फडक्याने टिपून घ्यावी. जुन्या सुती धोतराचे वा साडीचे तुकडे यासाठी सर्वोत्तम. स्वयंपाकघराचे, न्हाणीघराचे व शौचालयाचे फडके वेगळे असावे आणि रोज धुऊन उन्हात वाळवावे. ओलसर कोपऱ्यात पडलेले कळकट फडके घर स्वच्छ करीत नाही, घाण एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेते.

श्वासाच्या रुग्णाने झाडलोट चालू असताना त्या खोलीत थांबू नये. थांबणे भागच असेल तर नाक-तोंड आच्छादावे व खिडक्या उघड्या ठेवाव्या. त्याच्या चादरी व उशांचे अभ्रे आठवड्यातून एकदा ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुतल्यास धुळीतील सूक्ष्म किडे नष्ट होतात. गाद्यांस ऊन दाखविण्याची आपली जुनी रीत ओल घालविण्यासाठी उत्तमच आहे. पावसाळ्यात भिंतीवर येणारी बुरशी पुसून टाकली तरी ओल कायम असेल तोवर ती पुन्हा येणारच. तेथे खरा उपाय गळती थांबविणे व वारा खेळता ठेवणे हाच.

जेथे नकार द्यावयास हवा

रुग्णास काय वापरावे हे सांगण्याबरोबर काय कदापि करू नये, हेही वैद्याने सांगितले पाहिजे. न्हाणीघर पांढरेशुभ्र व्हावे म्हणून ब्लीचिंग पावडर टाकून त्यावर ॲसिड ओतण्याची सवय अनेक घरांत आहे. या संयोगातून क्लोरीन हा विषारी वायू निर्माण होतो आणि बंद न्हाणीघरात तो प्राणावर बेतू शकतो. लिंबू व व्हिनेगर हीदेखील अम्लेच, त्यामुळे ब्लीचिंग पावडरशी त्यांचाही संयोग वर्ज्य. अमोनियायुक्त द्रावणांशी क्लोरीनचा संयोगही तितकाच घातक. "घरगुती" लिंबू या ठिकाणी निरुपद्रवी राहत नाही, हे ठसवून सांगावे.

कपड्यांत डांबराच्या गोळ्या ठेवण्याची चाल अजूनही आहे. नॅप्थॅलिनच्या अशा गोळ्यांतील कपडे न धुता नवजात बालकास घातल्यास, जी-सिक्स-पीडी या द्रव्याची जन्मजात कमतरता असलेल्या बालकांत रक्तकण फुटून गंभीर पांडू व कामला होऊ शकतो. बालंतविड्याबरोबर हा सल्ला आपण प्रत्येक सूतिकेच्या घरी द्यावा. बाळाचे कपडे धुऊन, कडक उन्हात वाळवून, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे, इतके पुरे. कापूरही लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये. तो पोटात गेल्यास आक्षेप येऊ शकतात.

धूपनाविषयी लिहिताना काही सन्मित्र नाराज होतील, याची जाणीव आहे. गुग्गुळ, वेखंड, निंबपत्र यांच्या धूपनाविषयी आपणा सर्वांस आदर आहे. परंतु धूर हा धूरच असतो. तमक श्वासाचा रुग्ण, तान्हे बाळ वा वृद्ध बसलेल्या बंद खोलीत धूपन करणे म्हणजे स्वहस्ते हेतुसेवन घडविणे होय. रज आणि धूम यांचा श्वासाच्या हेतूंत आपल्याच ग्रंथांनी समावेश केला आहे. खोली रिकामी करून धूपन करावे, मग दारे-खिडक्या उघडून धूर पूर्ण निघून गेल्यावरच रुग्णास आत घ्यावे.

चिकित्सालयाची मर्यादा

घर आणि चिकित्सालय यांत फरक आहे. प्रतीक्षागृहाची फरशी, टेबले, काचा, पाण्याची भांडी यांना वर सांगितलेली द्रव्ये पुरेशी आहेत. रुग्णासही उग्र वासाचा त्रास होत नाही. परंतु रक्तमोक्षण, जलौकावचारण, बस्ती, वमन, व्रणोपचार येथे रक्त व मल यांचा संबंध येतो. तेथे रिठा, लिंबू, व्हिनेगर, निंबक्वाथ यांच्या भरवशावर राहणे हा रुग्णाशी द्रोह होईल. जमिनीवर रक्त सांडल्यास ते टिपून घेऊन १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटचे ताजे द्रावण किमान दहा मिनिटे राहू द्यावे. शस्त्रे वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करावीत. बस्तीची नळी एका रुग्णाची दुसऱ्यास कदापि वापरू नये. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ हे आयुष रुग्णालयांनाही लागू आहेत. वापरलेल्या सुया, बोळे व जलौका यांची विल्हेवाट त्यानुसारच लावली पाहिजे.

याउलट अतिरेकही टाळावा. कोविड साथीच्या काळात माणसांच्या अंगावर जंतुनाशक फवारण्याचे प्रकार घडले आणि केंद्रीय आरोग्य मंत्रालयास एप्रिल २०२० मध्ये त्याविरुद्ध सूचना काढावी लागली. जेथे गरज नाही तेथे तीक्ष्ण द्रव्य, आणि जेथे गरज आहे तेथे सौम्य द्रव्य, दोन्ही मिथ्यायोगच.

औषधनिर्मात्या बंधूंसाठी

औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतील अनुसूची 'टी' २००० साली अधिसूचित झाली, तेव्हापासून यंत्रसामग्री व पात्रांच्या स्वच्छतेची लेखी कार्यपद्धती ठेवणे ही आपली कायदेशीर जबाबदारी आहे. तैलपाकाच्या कढईसाठी महागडी द्रावणे लागतातच असे नाही. कढई कोमट असतानाच कोरड्या फडक्याने निपटून घ्यावी, धुण्याच्या सोड्याचे उकळते पाणी काही वेळ ठेवून घासावे, मग स्वच्छ पाण्याने पुन्हा पुन्हा धुवावे. शेवटच्या पाण्याची लिटमस कागदाने परीक्षा करावी. क्षाराचा अंश दिसल्यास पुन्हा धुवावे. तेलाने माखलेली फडकी, विशेषतः जवसाच्या तेलाची, ढीग करून ठेवू नयेत. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात.

खलासाठी रिठा वापरणाऱ्यांनी स्मरणात ठेवावे की रिठा वामक आहे. त्याचा अंश पुढील कल्पात जाणे परवडणारे नाही. संगमरवरी खल अम्लाने धुतल्यास खलच झिजून औषधात उतरतो, आणि लोहखल ओला राहिल्यास गंजतो. भल्लातक, वत्सनाभ, कुपीलु यांच्यासाठी मात्र कितीही घासून भागणार नाही. त्यांचे खल व पात्रे स्वतंत्र ठेवणे हाच एक मार्ग. बिब्ब्याचा अंश एखाद्या साध्या चूर्णात उतरला, तर अंगावर उठणाऱ्या फोडांचा दोष रुग्ण त्या चूर्णास व आयुर्वेदासच देईल.

काही औषधालयांनी अलीकडे वनस्पतिजन्य फरशी-द्रावणे विक्रीस आणली आहेत. उपक्रम स्तुत्य आहे. परंतु प्रयोगशाळेत परीक्षण न करता वेष्टनावर "जंतुनाशक" असे छापणे योग्य नाही. "मळ काढते, हातास सौम्य आहे" एवढा दावा प्रामाणिक आहे, आणि चांगल्या मालास तो पुरतो. तसेच अशी द्रावणे, सोड्याचे वा रिठ्याचे पाणी शीतपेयाच्या जुन्या बाटल्यांत भरून देऊ नये. घरातील लहान मूल ते पेय समजून पिण्याचा धोका असतो.

रोगपत्रकात एक रकाना

हातांच्या विचर्चिकेचा विषय येथे सांगणे अगत्याचे वाटते. चार-पाच घरी धुणी-भांडी करणाऱ्या एका भगिनीस प्रस्तुत लेखकाने गंधक रसायन, मंजिष्ठादी क्वाथ व बाह्योपचार दिले. उपशय मिळे, परंतु महिन्याभरात भेगा, स्राव व कंडू पुन्हा उपस्थित होत. दिवसातील सहा तास तिचे हात तीक्ष्ण साबणात बुडालेले असत, हे पुढील चौकशीत कळले. आत सुती व वर रबरी असे दुहेरी मोजे, काम संपताच हात कोरडे करून खोबरेल तेल, आणि शक्य तेथे सौम्य साबण एवढ्याने औषधांस खरा वाव मिळाला. तिच्या मालकिणींपैकी दोघींनी मोजे आणून दिले, तिसरीने "त्याची काय गरज?" असे विचारले. अशा वेळी वैद्याची चार ओळींची लेखी सूचना उपयोगी पडते. काम सोडणे तिला शक्य नव्हते, आणि तसा सल्ला देणे हा उपचार नव्हे.

म्हणून शेवटी तीन सूचना नम्रपणे मांडाव्याशा वाटतात. पहिली, आपल्या रोगपत्रकात आहार-विहाराबरोबर "गृहस्वच्छतेची द्रव्ये" असा एक रकाना असावा. श्वास, प्रतिश्याय व त्वग्विकार यांत तो भरल्याशिवाय पत्रक पूर्ण मानू नये. दुसरी, प्रत्येक जिल्हा शाखेने दिवाळीपूर्वी एका पानाचे पत्रक काढावे. त्यात कोणते द्रव्य कशास, कोणते कशास नाही, आणि कोणती दोन कधीही एकत्र करावयाची नाहीत, एवढेच सोप्या मराठीत असावे. तिसरी, औषधनिर्मात्यांनी आपापल्या स्वच्छतेच्या लेखी पद्धती परस्परांस दाखवाव्यात. त्यात व्यापाराचे कोणतेही गुपित उघड होत नाही.

रिठा, चिंच, सोडा, राख ही आपल्या परसातील व फडताळातील द्रव्ये आहेत. त्यांचे गुण आपणास इतरांहून अधिक ज्ञात आहेत, तेव्हा त्यांच्या मर्यादाही आपणच सांगावयास हव्यात. वैद्याने "हे येथे चालेल, तेथे चालणार नाही" असे स्पष्ट सांगितले, तर त्याच्या होकारावरही रुग्णाचा विश्वास बसेल. या विषयावर वैद्यबंधू-भगिनींनी व औषधनिर्मात्यांनी आपले अनुभव, विशेषतः भिन्न मते, अवश्य कळवावीत, ही विनंती.